बारा ते तीनच्या मधलं जेवण

“इंगळे सर, हे दोन पंच कोण?”

मोबाइलच्या स्क्रीनवर काळे मॅडमनी माझा निबंध उघडला होता. वर्गातले बाकीचे एकतीस जण आपापल्या घरून तो बघत होते. विषय होता ‘माझं घर’, भाषा इंग्रजी. निबंधाच्या खाली डावीकडे दोन सह्या होत्या.

“एक आमच्या ऑफिसचे शिपाई, जाधवभाऊ,” मी सांगितलं. “दुसरी आमची मंगला. म्हणजे मिसेस.”

“आणि त्यांनी सही कशासाठी केली?”

“मजकूर वाचून दाखवला, खरा आहे म्हणाले, म्हणून.”

कोणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं. त्याचं हसू सगळ्यांना ऐकू आलं. मॅडमही हसल्या असाव्यात, कारण त्यांनी तेवढ्यापुरता कॅमेरा बंद केला.

माझी बाजू सांगतो. मी संग्रामपूर तालुक्यात भूकरमापक आहे, म्हणजे शेतजमिनीची सरकारी मोजणी करणारा माणूस. मोजणी झाली की जागेवरच पंचनामा लिहायचा. काय पाहिलं, कुठून मोजलं, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे सगळं आलं पाहिजे. खाली दोन पंचांच्या, म्हणजे साक्षीदारांच्या, सह्या. त्या नसतील तर कागदाला काडीची किंमत नाही. चोवीस वर्षं मी हेच लिहीत आलो. मॅडमनी घरावर लिहा म्हटल्यावर मी घराचं वर्णन केलं. पूर्वेस लहाने यांचं घर, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस नाली, दक्षिणेस खुली जागा. भिंती विटांच्या. छत स्लॅबचं. माझा एकही पंचनामा आजवर ऑफिसातून परत आलेला नव्हता.

मॅडमनी कॅमेरा पुन्हा सुरू केला.

“वर्णन एकदम चोख आहे सर. फक्त एक विचारते. या घरात कोणी राहतं का?”

आता या वयात मी इंग्रजीच्या वर्गात काय करत होतो, तेही सांगायला हवं. आमच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बी. ए.’ छापलेलं आहे. तेव्हा इंग्रजीचा एक पेपर राहिला होता. तो सुटेलच या भरवशावर वडिलांनी छापून टाकलं. तीनदा बसलो, तीनदा नापास झालो. मंगला सव्वीस वर्षं मला “काय हो बी.ए.” म्हणून हाक मारते. जिल्ह्यातल्या एका कॉलेजने आमच्यासारख्या जुन्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन कोर्स करून तो विषय सोडवायची सोय केली. संधी ही शेवटची, असं सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं. म्हणून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सात वाजता मी गच्चीवर जाऊन बसायचो, कारण रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. बाजूला मंगलाने वाळत घातलेल्या मिरच्या. इंग्रजीच्या वर्गात मी जितका शिंकलो तितका आयुष्यात शिंकलो नसेन.

काळे मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पण शिकवण्यात मोठ्या चिवट. व्याकरणावर कधी बोट ठेवायच्या नाहीत. “ते मी नीट करीन,” म्हणायच्या, “तुम्ही मला तिथे घेऊन जा. मी तुमच्या वावरात कधी आलेले नाही, हे लक्षात ठेवून लिहा.”

दुसरा निबंध ‘माझ्या कामाचा एक दिवस’. मी सहा वर्षांपूर्वीची वरवट बकाल गावाच्या पलीकडची एक मोजणी घेतली, कारण ती डोक्यातून कधी गेलीच नव्हती. वसंतराव आणि गुलाबराव यांची वावरं एकमेकांना लागून. मध्ये बांध, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. धुरा सरकला अशी शंका वसंतरावांना आली आणि त्यांनी मोजणीचा अर्ज केला. मी मोजलं. धुरा जिथे होता तिथेच बरोबर निघाला. कोणाचं काही गेलं नाही, कोणाला काही मिळालं नाही. तरी गुलाबरावांनी लगतचे शेतकरी म्हणून ‘मोजणी मान्य’ अशी सही करायला नकार दिला. मग वरच्या अधिकाऱ्याने येऊन पुन्हा मोजलं, तेच निघालं. तरीही नाही. प्रकरण उघडंच राहिलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

निबंध परत आला. यावेळी पंच नव्हते. समासात मॅडमची एकच टीप होती : ‘बारा वाजता तुम्ही हद्दीचा शेवटचा दगड मोजला. तीन वाजता सह्या घ्यायला बसलात. मधले तीन तास कुठे गेले?’

मी फोन केला. “मॅडम, मध्ये काही झालं नाही. जेवलो.”

“कुठे?”

“वसंतरावांच्या वावरात.”

“मग ते सांगा. इंग्रजीत नको. घरी सांगता तसं सांगा, आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. मग ते ऐकत ऐकत लिहा.”

मोजणीच्या दिवशी अर्जदाराच्या घरचं जेवण, ही आमच्याकडची जुनी रीत. कोणी मागत नाही, कोणी नाकारतही नाही. दिवसभर उन्हात वावर तुडवणाऱ्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, एवढाच त्यामागे भाव. पंचनाम्यात ते कधी येत नाही. मी फोनमध्ये बोलत गेलो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली वांगी, वसंतरावांनी लाकडी बडगीत स्वतः ठेचलेलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, कांद्याची पात. जाधवभाऊंनी तीन भाकरी खाल्ल्या. बोलता बोलता मला एक गोष्ट दिसली, जी सहा वर्षांत कधी आठवली नव्हती. आम्ही जेवत होतो तेव्हा गुलाबराव धुऱ्यावर बसलेले होते. आमच्याकडे पाहत.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अरे, या माणसाला वाटलं असणार की ज्याच्या ताटात जेवला त्याच्याच बाजूने मोजणी केली! मी भराभर लिहून काढलं. चार पानं झाली. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की हे मी लिहिलंय, ऑफिसने नाही. दोन दिवस मी हवेत होतो.

मॅडमनी तो निबंध शेवटच्या परीक्षेसाठी घ्यायला सांगितलं. पण कोर्सची एक अट होती. निबंध ज्या माणसावर आहे त्याला तो वाचून दाखवायचा आणि तो काय म्हणाला ते शेवटी लिहायचं. त्याशिवाय पास नाही. म्हणजे माझी बी.ए. आता गुलाबरावांच्या हातात होती, आणि गुलाबराव सहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

ऑफिसच्या प्रिंटरवर पानं काढताना साहेबांनी पकडलं. साहेब म्हणजे तालुक्याचे उपअधीक्षक, मूळचे पुण्याकडचे. उभ्या उभ्याच त्यांनी दोन पानं वाचली.

“इंगळे, तुम्ही पक्षकाराकडे जेवलात हे लेखी देताय? वेड लागलंय का?”

“साहेब, निबंध आहे. इंग्रजीत आहे.”

“मला इंग्रजी येत नाही असं वाटतं का तुम्हाला? उद्या सही नाकारणाऱ्याने हाच कागद जोडून तक्रार केली तर?”

“तर मी खरं आहे म्हणून सांगेन. साहेब, मोजणी बरोबरच होती.”

साहेबांनी उरलेली पानंही मागून घेतली. वाचून झाल्यावर चष्मा काढला. “नावं बदला. आणि रविवारी जा, ऑफिसच्या वेळात नाही.” जाता जाता म्हणाले, “बरं लिहिलंय.” साहेबांकडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

रविवारी गेलो. गुलाबराव तुरीच्या कडेला शेळीला पाला टाकत होते. मला पाहून हात थांबला.

“काऊन साहेब? पुन्हा मोजाले आले काय?”

“नाही भाऊ. तुमाले काही वाचून दाखवाले आलो.”

“नोटीस हाय?”

“नाही हो. इंग्रजीचा पेपर हाय माहा. तुमी आयकलं नाही तर मी नापास होतो.”

 त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकून खाली अंथरला. “बसा. मले इंग्रजी समजत नाही, पन तुमी नापास होऊन राह्यले त आयकतो.”

मी एक ओळ इंग्रजीत वाचायचो आणि तिचाच अर्थ वऱ्हाडीत सांगायचो. दगड मोजल्याचं वाचलं, ते मान हलवत होते. भरताचं वाचलं, ते शेळीकडे बघायला लागले. मग आली ती ओळ, जिच्यावर मी सगळ्यात खूश होतो. ‘त्याला वाटलं, ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्याच बाजूने यांनी मोजलं.’

“थांबा,” गुलाबराव म्हणाले. “हे चूक लिहिलं तुमी.”

“चूक?”

“मोजनी खरी होती हे मले त्याच दिवशी समजलं होतं. दगड माह्या बापानं गाडला, मले त्याची जागा माईत नाही काय?”

“मंग सही काऊन नाही केली भाऊ?”

 ते काडीने मातीत रेघ ओढत बसले.

“मी धुऱ्यावर बसून होतो. वीस पावलांवर. वांगे भाजल्याचा वास येऊन राह्यला होता. वसंता अन् मी एका ताटात जेवलेले मानसं हावो साहेब. शाळेत त्याच्या डब्यातलं मी खाल्लं, माह्या डब्यातलं त्यानं. त्या दिवशी त्यानं तुमाले वाढलं, शिपायाले वाढलं, पंचाले वाढलं. मले ‘ये बे जेवाले’ एवढं म्हनलं नाही. तुमी बी म्हनलं नाही. मंग मी कायच्यावर सही करू?”

मला लाज वाटली.  चोवीस वर्षं लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजल्या आणि वीस पावलांवरचा उपाशी माणूस मला दिसला नाही. वर त्याच्या मनातलं मी घरी, गच्चीवर बसून लिहून मोकळा झालो होतो.

पेन काढलं आणि ती ओळ त्यांच्यासमोरच खोडली. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं त्याखाली लिहिलं, आधी वऱ्हाडीत आणि मग तिथेच बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत. वाचून दाखवलं.

“हाव,” ते म्हणाले. “आता बराबर हाय.” मग त्यांनी विचारलं, “वसंताले दाखवलं काय हे?”

“अजून नाही.”

“दाखवा. मी सांगतलं म्हनून नका सांगू.”

वसंतरावांचं वावर लागूनच. तसाच गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“मी अर्ज केला म्हनून तो रागावला, बलावलं तरी येनार नाही, असं वाटलं मले. म्हनून म्हनलंच नाही.” मग माझ्यावरच उखडले. “अन् तुमी साहेब, सहा वर्षं काय करून राह्यले होते? इचारलं असतं त एका दिवसात मिटलं असतं!”

त्यांचं हे बोलणंही मी शेवटच्या पानावर लिहून घेतलं. 

निबंध पाठवला. दोन आठवड्यांनी निकाल आला. पास झालो, तोही वर्गात तिसरा. पहिली आलेली अंगणवाडी सेविका, तिने आपल्या सासूवर लिहिलं होतं आणि अटीप्रमाणे सासूला वाचून दाखवलं होतं. तिच्या धाडसापुढे माझं काहीच नाही. मॅडमनी माझ्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं : ‘खोडलेली ओळ तशीच ठेवलीत हे सगळ्यात आवडलं.’ मंगलाने निकाल दोनदा वाचला, पेढे आणायला पाठवलं आणि मी निघेपर्यंत शेजारच्या लहानेवहिनींना जाऊन सांगूनही आली.

त्याच महिन्यात गुलाबराव ऑफिसात आले. वसंतराव सोबत होते. जुनी फाइल काढली. गुलाबरावांनी सही केली आणि सहा वर्षं उघडं पडलेलं प्रकरण चहा गार व्हायच्या आत बंद झालं. साहेबांनी विचारलं, “आता कसं काय पटलं?” गुलाबराव म्हणाले, “रविवारी वसंताच्या वावरात भरीत होतं साहेब.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

मॅडमच्या सांगण्यावरून मी अजून लिहितो. महिन्यातून एखादा निबंध, कधी इंग्रजीत, कधी मराठीत. आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला दाखवल्याशिवाय तो पुरा झाला असं समजत नाही.

कामातही एक बदल केला. मोजणीच्या दिवशी कोणी जेवायला वाढलंच, तर ताटावर बसण्याआधी मी शेजारच्या वावरवाल्याला स्वतः हाक मारतो. तो आला तर बसतो. नाही आला, तर मीही बसत नाही. मोजणी त्यामुळे अर्धा तास लांबते, पण सह्या त्याच दिवशी होतात.