पाण्याजवळची बारा

आमची ताई जनावरं वाढवायची, पण घरात एकही जनावर नव्हतं. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती होती. तिच्या खेळात एक माळ होता आणि माळावर चार पायांची, बिनशेपटीची जनावरं. ती चरायची, जोड्या जमवायची, पिल्लं घालायची. पिल्लात आईबापाचे गुण उतरायचे, थोडे इकडेतिकडे होऊन. खेळणाऱ्याने फक्त हवापाणी बदलायचं. थंडी वाढली की केसाळ टिकणार, झाडपाला उंच गेला की लांब मानेची. "म्हणजे दिवसभर खेळतेस आणि वर पगार?" आत्या विचारायची. ताई "हो" म्हणून मोकळी व्हायची. जीवशास्त्रात पहिली आलेली मुलगी, पण स्वतःबद्दल समजावून सांगायचा तिला मनापासून कंटाळा.

बाबा आजारी पडले तेव्हा तिने घरूनच काम करायची परवानगी मागून घेतली. मी दुसऱ्या शहरात. फोनवरून हुकूम सोडण्यात पटाईत. बाबांचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं करून बघू असं डॉक्टर म्हणत होते, तेही फारशी आशा न दाखवता. मी म्हणत होतो, करायचंच. बाबांच्या सहीबरोबर घरच्या माणसाची सही लागणार होती, म्हणजे ताईची. ती काहीच बोलत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्याच दिवसांत तिचा खेळ अडला. शंभर पिढ्या झाल्या तरी जनावरं बदलेनात. थंडी वाढवली, केस वाढेनात. तिने गवत उगवण्याचे नियम पाहिले, गुण उतरण्याचे नियम ओळ न् ओळ तपासले. नाकी नऊ आले, पण चूक सापडेना.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली. पलंगावर पडल्या पडल्या ते तिची स्क्रीन न्याहाळत असायचे. एका सकाळी म्हणाले, "अगं, पाण्याजवळची ही बारा मरत कशी नाहीत?"

"मरतात बाबा. म्हातारपणाचा नियम घातलाय मी."

"ही नाही मरत. तो वाकड्या कानाचा बघ, पहिल्या दिवसापासून तिथेच आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! खेळात वय मोजलं जायचं जन्मतारखेवरून, आणि ही पहिली बारा कुणाच्या पोटी जन्मलीच नव्हती; ताईने ती स्वतःच्या हाताने माळावर ठेवली होती. तारखेची जागा कोरी राहिली, म्हणून म्हातारपण त्यांना वगळून पुढे जायचं. चांगलं गवत तीच खायची, दर पिढीला आईबापही तीच. बदल व्हायचा कुठून?

ताईने तारीख भरली. बाराही जनावरं तिथल्या तिथे आडवी झाली.

बाबा कोपरावर रेलून स्क्रीनकडे झुकले. मग म्हणाले, "बरं झालं. पिल्लं पाण्यापाशी आली बघ." ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि रडली. हे तिने मला फार नंतर सांगितलं. बारा जनावरांची गोष्ट मात्र बाबांनीच त्या संध्याकाळी मला फोनवर सांगितली, हौसेने, धापा टाकत.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेल्यावर ताईने ऑपरेशनला नकार लिहून दिला. कळताच मी मिळेल त्या गाडीने निघालो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. मी चारचौघांत ओरडलो, "बाबा म्हणजे तुझ्या खेळातलं जनावर वाटलं का तुला?"

तिचा आवाज जराही चढला नाही. "जनावरांना विचारता येत नाही रे. बाबांना मी विचारलं. कालपासून पाच वेळा विचारलं, पाचही वेळा नको म्हणाले. तू एकदा तरी विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. आत बाबा चपला घालून, घरी जायला तयार होऊन बसले होते.