दस्तगीरचाचांच्या फळ्यावरची म्हैस

दस्तगीरचाचा गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. गावाच्या ग्रुपवर वर एका जुन्या ट्रॅक्टरचा फोटो होता, खाली एका म्हशीचा, आणि मधे दोन ओळी... 'स्टँडजवळचे सायकलवाले दस्तगीरचाचा यांचे निधन. आज जोहरनंतर मिट्टी.' ओळी वाचल्या आणि नजर आपोआप खाली सरकली. म्हैस विकणे आहे, आजच फोन करा. मी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मी आता लातूरला मुलाकडे राहतो. सकाळचे साडेआठ वाजले होते, पहिली एसटी धरली असती तरी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या आत, दफनासाठी केजला पोहोचलो असतो. गुडघ्याचं निमित्त सांगून मी गेलो नाही. खरं कारण ती म्हैस होती. या ग्रुपवरच्या म्हशीबद्दल बोलत नाही मी, तीस वर्षांपूर्वीच्या म्हशीबद्दल बोलतोय. ती कधी जन्मालाच आली नव्हती. तिला मी एकट्याने जन्माला घातलं होतं, आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान केजच्या एसटी स्टँडजवळ होतं. दुकान कसलं, पत्र्याचं टपरं. पण त्याच्या बाहेर शाळेने बाद केलेला एक फळा भिंतीला टेकून ठेवलेला असे आणि सगळा तालुका त्या फळ्यावर चाले म्हटलं तरी चालेल. कुणाची गाय विकायची आहे, कुणाला जुनी पाण्याची मोटर हवी आहे, कुणाकडे कडबा शिल्लक आहे, कुणाची शेळी हरवली आहे... सगळं खडूने लिहिलेलं. एसटीतून उतरलेला माणूस आधी फळ्याकडे जायचा आणि मग आपल्या कामाला. चाचा कुणाकडून काही घेत नसत. नियम मात्र दोन होते आणि दोन्ही कडक. पहिला, चाचांनी स्वतः बघितल्याशिवाय फळ्यावर काही चढायचं नाही. गाय म्हटलं की चाचा सायकल काढून गाय बघून येणार. दुसरा, व्यवहार झाला की ओळ पुसायची, आणि पुसायची ती चाचांनीच, ओल्या फडक्याने. "लिहिणारे लई मिळतेत," ते म्हणायचे, "पुसायला इमान लागतं."

जनावर बघायला चाचांच्या सोबतीला आप्पा असत. आप्पा म्हणजे आठवडी बाजारातले जनावरांचे दलाल, चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त. आप्पांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण जनावराचं तोंड उघडून दात बघितले की वय, खोड, मालकाचा खोटेपणा, सगळं वाचून दाखवत. खरं तर फळ्यामुळे त्यांच्याच दलालीवर पाणी पडत होतं. तरी रोज चार वाजता टपरीवर येऊन एका कपातला चहा दोघं अर्धा-अर्धा पीत आणि आप्पा फळ्याकडे बोट दाखवून म्हणत, "दस्तगीर, ह्या तुझ्या फळ्यानं माझ्या पोटावर पाय दिलाय. एक दिवस आख्खा पुसूनच टाकतो बघ." चाचा खो खो हसायचे. मग आप्पा माझ्याकडे वळायचे. "काय लिवलंय बे आज? वाच की. मला कुठं येतंय."

मी वाचायचो, कारण लिहिणारा मीच होतो. चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, मराठी अक्षरं त्यांच्या हातून वाकडीतिकडी यायची. माझं अक्षर वळणदार. कॉलेजची तीन वर्षं रोज सकाळी मी फळा लिहून दिला आणि त्या बदल्यात माझ्या सायकलच्या चाकात कधी हवा कमी पडली नाही. हे सगळं मला तेव्हा फार मोठं वाटत नव्हतं. उलट जरा लाजच वाटायची, कॉलेजात शिकणाऱ्या माणसाने खडूने म्हशी लिहायच्या म्हणून.

त्या काळात वर्तमानपत्रांत रोज खुल्या आर्थिक धोरणावर लेख येत. आमच्याकडे ते धोरण केबलची काळी वायर होऊन आलं, गच्चीवरून गच्चीवर. मी दोघा मित्रांना घेऊन केजात केबल सुरू केली आणि डोक्यात एक कल्पना शिरली. सिनेमा चालू असताना पडद्याच्या खालून एक पट्टी सरकवायची, तिच्यावर तालुक्याच्या जाहिराती. रंगीत अक्षरं, घरबसल्या, दिवसभर! फळा बघायला स्टँडवर जाण्याची गरज काय? चाचांना सांगायला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. त्यांनी पान्हा खाली ठेवून माझ्या पाठीवर थाप मारली. पाठीवर वंगणाचे डाग पडले. "कर बे दत्ता. लई चांगलं हाय. आमचं काय, खडू हाय तवर हाय." दुसऱ्या दिवसापासून फळा ते स्वतः लिहू लागले, वाकड्या अक्षरात.

आणि पट्टी चालेना. पहिले सहा महिने फुकट ठेवली. लोकांच्या घरी जाऊन, पाया पडून जाहिराती आणल्या. लोक द्यायचे, चहा पाजायचे, आणि संध्याकाळी तीच जाहिरात फळ्यावर द्यायला चाचांकडे जायचे. एकाला मी चिडून विचारलं, "अहो, कावून जाता तिथं? माझ्याकडं रंगीत हाय, फुकट हाय!" तो शांतपणे म्हणाला, "घेणारे तिथं येतेत ना." घेणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, विकणारे तिथं असतात. याच्यावर काय बोलणार? सगळे तिथं का जातात, तर सगळे तिथं जातात म्हणून. पट्टीवर मी कितीही रंग बदलले, अक्षरं मोठी केली, घंटीचा आवाज घातला, तरी त्या वर्तुळात शिरायला मला कुठून फट सापडेना. बोटभर खडू आणि ओलं फडकं घेऊन बसलेला एक माणूस मला हलवता येत नव्हता. मित्र हसायला लागले होते. माझा जळफळाट व्हायचा, आणि तो चाचांवर नव्हताच असं आज म्हणण्याची सोय नाही. होता.

उन्हाळ्यात चाचा एका लग्नासाठी दोन दिवस अंबाजोगाईला निघाले. टपरी बंद केली, फळा मात्र आत घेतला नाही. "बाहेरच ऱ्हाऊ दे, लोकं येतेत," म्हणाले. मग मला म्हणाले, "दोन दिवस नदर ठेव रे जरा." त्याच आठवड्यात ते आणि आप्पा लिंबागणेशला एक बैलजोडी बघायला गेले होते. आप्पांना दात पटले नाहीत म्हणून ती जोडी फळ्यावर चढली नव्हती. हे फक्त आप्पांना ठाऊक होतं आणि चहाच्या वेळी ऐकल्यामुळे मला. भरदुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी फळ्यापाशी गेलो. डाव्या हातात खडू धरला, म्हणजे अक्षर चाचांसारखं वाकडं यावं. लिहिलं, 'लिंबागणेश. दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस. दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर दूध. वेशीजवळ विचारणे.' दोन पावलं मागे सरून ओळ हुबेहूब चाचांची दिसते ना, ते बघितलं... हेच मला आजही जास्त टोचतं.

तिसऱ्या दिवशी चाचा परतले आणि ओळ बघून चक्रावले. पुसणार तेवढ्यात एसटीतून एक नवरा-बायको उतरले. लिंबागणेशहून येत होते. सकाळपासून दारोदार विचारत फिरले होते, लोक त्यांना हसले होते. बाईच्या पिशवीत म्हशीच्या पायावर पाणी घालायला तांब्या आणि हळद-कुंकू होतं, नवऱ्याच्या खांद्यावर नवंकोरं दावं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "चाचा, फळ्यावर हाय म्हणून गेलतो आमी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गेलो नसतो." मग नवऱ्याने ते दावं फळ्याच्या खिळ्याला अडकवलं. "म्हैस बघितली की सांगा," म्हणाला आणि दोघं गेले. संध्याकाळपर्यंत असे आणखी चारपाच जण येऊन गेले. 'ही ओळ मी लिहिली नाही', एवढं एक वाक्य चाचांना सुचू नये? पण ते प्रत्येकापुढे हात जोडत राहिले. "माझ्या फळ्यावर हाय, म्हंजे माझीच जबान हाय ती."

गोष्ट इथवरच थांबली असती तर बरं झालं असतं. पण चाचांनी त्या संध्याकाळी मला जवळ बसवून विचारलं, "दत्ता, कुणी केलं असंल रे हे?" तेव्हा सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "तुमी लिंबागणेशला गेलता हे कुणाला म्हाईत होतं, चाचा?" बस, एवढंच. नाव घेतलं नाही मी. नाव चाचांनीच मनात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. दुसऱ्या दिवशी चार वाजता आप्पा आले तेव्हा चहा मागवलेला नव्हता. आप्पा गोंधळून म्हणाले, "अरे मला अक्षर येत न्हाई, दस्तगीर. मी कसं लिवीन?" चाचा मान खाली घालून स्पोक आवळत म्हणाले, "लिहून घेतलं असशील." मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून हे ऐकत होतो. आप्पा आपली छत्री घेऊन निघून गेले. ते पुन्हा टपरीवर कधी आले नाहीत. चाचांनी फळा धुऊन आत नेला आणि त्याच्यावर परत एक अक्षर लिहिलं नाही.

पट्टी चालली! लोकांना जायला दुसरी जागाच उरली नव्हती. चारपाच वर्षं मी बरं कमावलं, घर बांधलं. पण पट्टीवरची गाय बघायला जायला कुणाकडे सायकल नव्हती. खोटं, खरं, शिळं, सगळं एकत्र सरकत राही आणि लोक मला तोंडावर म्हणत, "फळ्यावर असं नव्हतं." मग मोबाइल आले आणि माझीही पट्टी गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलाने आपल्या भागापुरतं खरेदी-विक्रीचं एक ॲप काढायचं ठरवलं. रात्रंदिवस खपला, कुणी फिरकलं नाही. जेवताना मला म्हणाला, "बाबा, ह्या मोठ्या साइट्स कधी हलतील का हो? सगळे तिथंच जातात, कारण सगळे तिथंच आहेत." माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्यांना हलवायची एक रीत मला माहीत होती. चांगलं काही करून कुणी हलत नाही. आधी लोकांचा विश्वास मोडावा लागतो, आणि तो मोडणाऱ्याच्या हाती मग रिकामी जागा येते, विश्वास येत नाही. मुलाला मी यातलं काही सांगितलं नाही. भाजी वाढ म्हणालो.

चाचांच्या चाळिसाव्या दिवशी मात्र गेलो. चाचांच्या मुलीने, नसीमाने, दारातच ओळखलं. अंगणात ओट्याच्या कडेला फळा टेकवलेला होता, कोरा, आणि खिळ्याला ते दावं. तीस वर्षांत काळं पडलेलं. "अब्बा टाकू देत नव्हते," ती म्हणाली. "म्हणायचे, त्या माणसाची म्हैस बघायची ऱ्हायलीय." फळ्याशेजारी खुर्चीवर आप्पा बसले होते. ऐंशी ओलांडलेली, हात काठीवर. मिट्टीलाही आले होते म्हणे, पण कब्रस्तानच्या फाटकाशीच उभे राहिले. आत जाऊ का म्हणून कुणाला विचारलंही नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो, पण नजर त्या कोऱ्या फळ्यावर जात राहिली. शेवटी नसीमाच्या नातीच्या दप्तरातला खडू मागून घेतला आणि उजव्या हाताने, माझ्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'लिंबागणेशची म्हैस मी लिहिली होती. आप्पांनी नाही. दत्ता.'

आप्पांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय लिवलंय बे? वाच की. मला कुठं येतंय."

मी वाचलं. त्यांनी कानाला हात लावला, "मोठ्यानं." दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगणातली भांड्यांची खडखड थांबली होती. नसीमा पातेलं हातात धरून तशीच उभी होती. आप्पा ओरडले असते, काठी उगारली असती तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "दस्तगीरला कावून न्हाई वाचून दाखवलंस? त्याला शेवटपर्यंत ऐकू येत होतं."

मला बसवेना म्हणून उठलो, रांजणाजवळचं फडकं भिजवलं आणि ती ओळ पुसायला फळ्याकडे वळलो. आप्पांनी काठी आडवी धरली.

"ऱ्हाऊ दे. पुसणारा गेलाय."