एका बिल्ल्याची किंमत

इतकी वर्षं झाली, तरी देवळाली कॅम्पातला तो जिना डोळ्यांपुढून जात नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा फौजदार होतो. दुपारी ठाण्यात खबर आली की पत्त्यांच्या अड्ड्यावर एक कांदा व्यापारी जिन्यावरून पडून मेला. अड्डेवाला शपथेवर सांगत होता, "पाय घसरला, साहेब."

जिन्याखालच्या पानवाल्याने मला बाजूला घेतलं. "पडला नाय तो. आधी भांडण ऐकू आलं, मग मानूस खाली आला."

वर पंचनामा केला. तिथे पैशांऐवजी प्लास्टिकचे बिल्ले चालत. व्यापाऱ्याच्या जागी बिल्ल्यांचा ढीग तसाच होता, म्हणजे लुटीचा प्रश्नच नव्हता. समोरची जागा मात्र रिकामी. तिथे एका कारखान्यातला कारकून बसायचा, असं अड्डेवाल्याने सांगितलं. तो घरीच सापडला.

ठाण्यात आणलं तरी त्याची उजवी मूठ मिटलेलीच होती. हवालदाराने ती उघडायला लावली. आत एक लाल बिल्ला.

"चोरलास?"

"माझाच आहे, साहेब."

मग तो बोलू लागला. पगार सगळा हरला होता. शेवटचा एक बिल्ला उरला होता. बिल्ले संपले की उठायचं, असा तिथला नियम. व्यापाऱ्याने गमतीने तो उचलला आणि लघवीला निघाला. हा मागे गेला. जिन्याच्या तोंडाशी तीनदा मागितला. व्यापारी हसून म्हणाला, "एकाने काय होतंय रे तुझं?" याने हिसकावला आणि त्याला ढकललं.

"एका बिल्ल्यासाठी माणूस मारलास?" मी ओरडलो.

"त्यांच्या ढिगात तो दिसलाही नसता, साहेब. तो असेपर्यंत मला बसता येत होतं."

मी जबाब लिहून घेतला. सदोष मनुष्यवधाखाली त्याला सात वर्षांची सजा झाली.

तोवर दहा-वीस रुपयांच्या चोरीची तक्रार मी किरकोळ म्हणून परत पाठवत असे. त्या जबाबानंतर किती गेलं, याबरोबर किती उरलं, हेही विचारू लागलो. पहिल्यांदा विचारलं ते त्याच्याच बायकोला. तो कोठडीत असताना ती डबा घेऊन ठाण्यात आली होती.

"घरात काय उरलंय, बाई?"

तिने डबा टेबलावर ठेवला.

"दोन मुली आहेत, साहेब."