थोरल्या साडूंची जाड कादंबरी

माझ्या थोरल्या साडूंची कादंबरी भेट मिळाली नाही असा माणूस सेनगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि ती शेवटपर्यंत वाचलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आठशे सोळा पानं लिहिली आणि लग्नपत्रिकांच्या छापखान्यातून स्वतःच छापून घेतली. मग साखऱ्याहून रोज जीपने सेनगावला येऊन ते वाचकांना गाठू लागले. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, थेट, "कितव्या पानावर आले?" लोक त्यांना लांबून पाहूनच वाट बदलायचे. मी एकदा बेधडक "तीनशे" म्हणालो, तर म्हणाले, "मंग तिथं म्हातारा काय करून राहिला, सांगा बरं!" मी घाईघाईने चहा मागवला. दुसऱ्या कुणाची बारीक कादंबरी दिसली की ती दोन बोटांत धरून विचारायचे, "हे पुस्तक हाय का औषधाची चिठ्ठी?"

कादंबरी एवढी लांबली ती माझ्या मेहुणीमुळे. तिला वाचता येत नव्हतं. साडू लिहिलेलं रोज वाचून दाखवायचे आणि ती तूर निवडत ऐकायची. तो म्हातारा खरं तर दोनशेव्या पानावर मरायचा होता. "काहून मारता हो त्याला? त्याचं लेकरू अजून घरी आलं न्हाई," ती म्हणाली, आणि साडूंनी त्याला आणखी सहाशे पानं जगवलं. "तुमच्या दयेची शिक्षा आम्हाला," असं मी तिला चिडवायचो. ती हसायची. गेल्या वर्षी ती आजारपणात गेली.

यंदा साडूंची दुसरी कादंबरी आली, शहाण्णव पानांची. लोकांनी ती एका बैठकीत वाचली. अनोळखी माणसं फोन करून शाबासकी देऊ लागली. मीही त्यांचं पुस्तक पहिल्यांदाच पुरतं वाचलं आणि पेढे घेऊन उत्साहाने साखऱ्याला गेलो.

"आता कशी नेमकी लांबी साधलीत!" मी म्हणालो.

"व्हय, सगळे तेच म्हनून राहिले." मग म्हणाले, "पुढं काय झालं, हे इचारनारंच कोनी न्हाई, साडूभाऊ. मंग संपवून टाकली."

मला स्वतःची फार लाज वाटली. हातातला पुडा कुठे ठेवावा तेही मला कळेना.