पप्पांचं गाऱ्हाणं कुणाच्या नावावर?

पप्पांच्या स्मरणसभेत सगळ्यात जास्त रडलेल्या माणसावर माझा संशय आहे.

आज पप्पांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. गोड गोड लिहिणार नाही, आधीच सांगते.

माझे पप्पा बायबलचे अभ्यासक. जुना करार मूळ हिब्रूतून वाचण्यात आणि शिकवण्यात जन्म गेला.

लहानपण मालवणकडचं. देवळापुढे घातलेली गाऱ्हाणी ऐकत वाढलेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की बायबलातली दुःखाची स्तोत्रं म्हणजे रडगाणं नव्हे, ते गाऱ्हाणं आहे. देवासमोर उभं राहून हक्काने मांडलेलं.

आज कुठल्याही सेमिनारला जा, हा 'गाऱ्हाणं' विचार ऐकू येतो.

पप्पांचं नाव ऐकू येत नाही.

मी एकदा भडकले. "पप्पा, हे सगळं तुमचं ढापलंय लोकांनी!"

"असू दे गं. विचार पसरला ना? नाव काय करायचंय?"

मला नाही पटलं. कारण मी महापेहून ऑफिस करून आले, की हाच माणूस हळूच विचारायचा, "जरा नेटवर बघतेस? कुणी माझा रेफरन्स दिलाय का?"

नसायचाच. मग म्हणायचे, "बरं, चहा टाक."

तर तो रडणारा माणूस. पप्पांचा लाडका विद्यार्थी, आता स्वतः मोठा प्रोफेसर. नाव लिहीत नाही.

गेल्या महिन्यात ते आमच्या बेलापूरच्या घरी आले. मम्मीला म्हणाले, "काकू, सरांचं शेवटचं पुस्तक अर्धवट राहिलंय. फाईल मला द्या. मी पूर्ण करतो, दोघांच्या नावाने काढू."

मम्मीचे डोळे भरले. "घेऊन जा बाबा. तुझ्याशिवाय आहे कोण?"

इथे माझं डोकं सटकलं.

कारण आदल्याच आठवड्यात मी त्यांचा एक लेख वाचला होता. त्यात अश्रूंबद्दलचं एक वचन होतं, आपल्या मराठी बायबलातलं. पुढे आकडा: स्तोत्र छप्पन्न, वचन नऊ.

आमच्याकडे पाहुणा निघताना शास्त्रवाचन करतो, मग प्रार्थना होते. मी बायबल त्यांच्या हातात दिलं.

"सर, स्तोत्र छप्पन्न, वचन नऊ वाचा ना. तुमच्या लेखातलं."

खूश झाले. घसा साफ करून वाचायला लागले.

अश्रू कुठेच नाहीत. तिथे शत्रू मागे फिरतात.

मम्मीला स्तोत्रं तोंडपाठ. "अरे, अश्रूंचं वचन आठवं ना, नववं कुठे?"

"प्रिंटिंग मिस्टेक असेल, काकू."

मिस्टेक कसली डोंबलाची! हिब्रूत या स्तोत्राचं शीर्षकसुद्धा पहिलं वचन म्हणून मोजतात. आकडा एकने पुढे जातो, मराठीतलं आठवं तिथे नववं होतं. पप्पा नेहमी हिब्रूचा आकडा द्यायचे. हिब्रू पान उघडलेल्या माणसाला हे लगेच कळतं. यांनी आकडा पप्पांचा उचलला आणि वचन मराठीतलं चिकटवलं.

हे सगळं मी तोंडावर बोलले.

ते खाली बघत म्हणाले, "सरांना माहीत होतं. तेच म्हणाले होते, वापर."



म्हणालेही असतील पप्पा. सेमिनारची बोलावणी याच माणसाकडून यायची त्यांना, रिटायर झाल्यावर. मन मोठं होतं की घाबरत होते? मला आजही नक्की सांगता येत नाही. राग येतो मला पप्पांचा. आणि इतकी आठवण येते, की त्या रागाचंही काही करता येत नाही.

मम्मी उठली. मला वाटलं, संपलं, आता फाईल देणार.

तिने त्यांच्या हातातून बायबल घेतलं आणि मिटलं.

"प्रार्थना आमची आम्ही करू. तू निघ."

ज्याला ती वर्षानुवर्षं जेवू घालायची, त्याला.

ते पुस्तक आज मी नेटवर टाकलंय. जसं आहे तसं, अर्धवट. सगळ्यांना खुलं. लिंक कमेंटमध्ये आहे.

वाचा, वापरा, पटलं नाही तर भांडा. सर, तुम्हीपण वापरा.

पप्पा, तुम्हाला न विचारता केलंय. रागवा हवं तर.

बाकीच्यांनी फुलांचे इमोजी टाकू नका. रेफरन्स द्या. नाव असं लिहायचं:

एलिया दामोदर साळवे.