उन्हावर फुले गार ठेवणाऱ्या वाघमारे मॅडम

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात औसा तालुक्यातले आमचे गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. मी बारावीला होते. एका रविवारी लातूरहून एसटीने एक बाई आल्या आणि पत्र्यावर खडूने आकृती काढून विजेचा धडा शिकवू लागल्या. त्या प्रा. शकुंतला वाघमारे. परीक्षेपर्यंत त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

पुढे मी त्यांच्याच घरी राहून अभियंता झाले. तेव्हा लातुरात शिकवणी वर्गांचे पेव फुटले होते. एका वर्गाचे संचालक मॅडमना आपल्याकडे शिकवायला न्यायला आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हुशार पोरं तुमच्याकडं येऊनच राहिलीत. मागं पडलेली माझ्याकडं असू द्या."

स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या माहेरी, मुदखेडला गेल्या. तिथे फुलांचे मळे. मोगऱ्यासारखा पांढरा काकडा, गुलाब नांदेड-हैदराबादला जायचा, पण भारनियमनात शीतगृह बंद पडे आणि माल वाटेतच कोमेजे. मॅडमनी फूलवाल्या बायकांचा गट केला, मला बोलावून घेतले आणि आम्ही सौर पॅनेलवर चालणारी गार खोली उभारली.

पहिल्याच दसऱ्याला ती फसली. आभाळ दोन दिवस भरून राहिले, बॅटऱ्या उतरल्या. सकाळी दार उघडले तर फुले काळवंडलेली. बॅटऱ्यांचे गणित माझे होते. गटाच्या प्रमुख लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मॅडम, आमी आपल्या बर्फाच्या पेट्यावर जातो. तुमची खोली नगं."

मी बोलायला तोंड उघडले, तोच मॅडम पुढे झाल्या. "चूक माजी हाय, लक्ष्मीबाई. ढगाचा इचार मी केला न्हाई. एक हंगाम द्या." त्या दिवशी मला रडू आवरले नाही.

तो हंगाम आम्ही दोघींनी खपून घालवला. बॅटऱ्यांचा भरवसा सोडला. ऊन असेल तेव्हा भिंतीतल्या टाक्यांत पाणी गोठवायचे आणि ढगाळ दिवसांत त्याच बर्फावर खोली गार ठेवायची, असे ठरले. पुढच्या दसऱ्याला पुन्हा आभाळ आले. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंनी टोपलीत हात घालून काकडा चेहऱ्याशी नेला आणि एवढेच म्हणाल्या, "ताजा हाय."

'शाश्वत पुरवठा साखळी' हा शब्द आता परिसंवादांतून ऐकू येतो. मळ्यापासून हारवाल्याच्या दुकानापर्यंतची अशी साखळी मॅडमनी आधीच उभी करून दाखवली. ज्या काळात लातूरची ओळख गुणवत्ता यादीवर ठरत होती, त्या काळात आमच्या मॅडमची ओळख मुदखेडच्या बाजारात ठरली, याचा मला फार अभिमान आहे.

मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, तरी पॅनेल पुसायला त्या स्वतः गच्चीवर चढतात. शेजारच्या भोकरच्या बायकांनी भाजीसाठी तशीच खोली मागितली, तेव्हा आम्हाला न विचारताच त्यांनी होकार कळवून टाकला. त्या गुडघ्यांना बळ मिळो, मॅडमना निरामय शंभरी लाभो आणि भोकरच्या खोलीचे दार त्यांच्याच हातून उघडो. मी पाना-पक्कड घेऊन सोबत आहेच.