कयाधूतला झिरा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. घडलं तसं लिहितो.

बायको पहिला तांब्या अंगावर घेताना सात नद्यांची नावं घ्यायची. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. मग आठवी आमच्या गावची कयाधू.

"सातच असतात. आठवी काहून घुसवती?" मी म्हणायचो.

"त्या सात कुठं पाहिल्या मी? हिचं पाणी रोज भरते."

कयाधू म्हणजे प्रल्हादाची आई, हिरण्यकश्यपूची बायको. त्यावरून ती मला ऐकवायची, "राक्षसाच्या घरी नांदली म्हणून ती नदी झाली. माझा बी नंबर लागणार."

मी राक्षस नव्हतो. पण शेतातली हळद निघाली की प्रयागला नेतो, अशा चाळीस वर्षं थापा मारल्या, हे खरं.

चैत्रात ती गेली. राख सावडली त्या दिवशी पोरगं म्हणलं, "बाबा, अस्थी प्रयागला नेऊ. तिकिटं काढलीत. आईची लई इच्छा होती."

"तिला जितेपणी न्यायचं होतं. आता मडक्याला गंगा दाखवतो का? तिचा नंबर कयाधूतच."

"कयाधूत थेंब न्हाई, बाबा."

बराबर होतं. नुसती वाळू. मी फावडं घेतलं. उन्हाळ्यात बाया पात्रात खड्डा खणून पाणी काढतात, त्याला झिरा म्हणतात. तिचा झिरा जांभळीपाशी असायचा. घरी नळ आला तरी डाळीला पाणी तिथलंच.

गुडघाभर खणल्यावर पाणी लागलं. मी मडक्याचं फडकं सोडलं, तर जांभळीखाली बसलेली भावजय ओरडली, "भावजी, गढुळात टाकता व्हय? आधी उपसा. ती तीनदा उपसायची."

जन्मभर ते पाणी पिलो, पण हे मला ठाऊक नव्हतं. तांब्यानं तीनदा उपसलं. दर वेळी भरायची वाट पाहत बसलो. पोरगं उन्हात मडकं धरून उभं. तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं, तळाची वाळू दिसली.

अस्थी सोडल्या. पोरानं मोबाइलमध्ये पाहून सात नावं वाचली. आठवी त्यात नव्हती. ती मी म्हणलो. मग कुणी घागर बुडवू नये म्हणून झिरा बुजवला.

तिकिटं रद्द करून पोरगं पुण्याला कामावर परत गेलं. मी डाळ नळाच्या पाण्यात टाकतो. नीट शिजत न्हाई. दुसरा झिरा खणायला अजून गेलो न्हाई.